माझ्या पिंजऱ्यात बसशील का?

चुकीच्या खिडकीपाशी एक माणूस येऊन उभा राहिला, तिथून हे सगळं सुरू झालं.

कालुंगा तांब्याच्या खाणीतली सप्टेंबरची सकाळ होती. फाटकापासून शाफ्टपर्यंत, म्हणजे पिंजऱ्यातून खाली उतरायच्या विहिरीपर्यंत, जकरंडाच्या जांभळ्या फुलांचा सडा पडला होता आणि पहिल्या पाळीची माणसं त्यावरून जड बूट ओढत चालली होती. दिव्यांच्या खोलीत चिलुफ्या मुसोंडा लोखंडी जाळीच्या खिडकीमागे उभी राहून एकेकाला टोपीचा दिवा काढून देत होती. नंबर ऐकायचा, दिवा लावून बघायचा, पुढे सरकवायचा. मान वर करायचीही गरज पडत नसे.

"नंबर?"

"कसला नंबर?"

तिनं मान वर केली. नवा चेहरा. उंच, सडसडीत, डोळ्यांत झोप आणि ओठांच्या कोपऱ्यात उगाचच एक हसू.

"दिव्याचा. खाली अंधार असतो, कुणी सांगितलं नाही वाटतं."

"मी खाली जात नाही. मी वरचा... पिंजऱ्याच्या दारावरचा. घंटीवाला. हजेरीची रांग समजून उभा राहिलो."

"हजेरी पलीकडे." तिनं त्याच्या छातीवरची पाटी वाचली. "मावुतो जेरे. तुमच्या भाषेत मावुतो म्हणजे संकटं ना? आणि जेरे म्हणजे न्गोनी. म्हणजे उंदीर खाणारं संकट."

रांगेतली माणसं खुसखुसली. तो मात्र जाळीवर कोपर टेकून आरामात उभा राहिला.

"आणि तू नक्की बेम्बा. सकाळी सकाळी माकडाचं मटण खाल्ल्याशिवाय कुणाची जीभ एवढी चुरचुरीत चालत नाही."

बेम्बा आणि न्गोनी या दोन जमातींची माणसं एकमेकांना असं बोलूच शकतात. आज्या-पणज्यांच्या काळात लढाया झाल्या, त्यातून उरलं ते थट्टेचं नातं. राग धरेल त्याचीच लाज. चिलुफ्यानं राग धरला नाही. ती उत्तर देणारच होती, पण तेवढ्यात बाहेर शाफ्टवरच्या मनोऱ्याची, दोर ओढणारी मोठी चाकं थांबली आणि तिनं नकळत कान टवकारले.

"आज यंत्रावर बा न्कोले नाहीत," ती म्हणाली; आदरानं नावाआधी 'बा' लावायची तिथली रीत. "पिंजरा थांबताना उसळला."

"तुला इथं बसून कळलं?"

"दोराच्या आवाजावरून. मला चालवता येतं ते यंत्र. सरकारी परीक्षा पास झालेय, परवाना आहे माझा."

तो हसला. तसं वाईट हसू नव्हतं ते — कुणी म्हणावं की मी ढगावर बसून बाजाराला जाते, आणि आपण हसावं, तसं. पण हसला.

"उद्या परत ये," चिलुफ्या म्हणाली, "आणि न हसता ऐक. आता बाजूला हो, माणसं खोळंबलीत."

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. त्याला दिवा लागत नव्हता, रांगेत उभं राहायचं काही कारण नव्हतं, तरी उभा राहिला, पुढे सरकला, आणि जाळीशी येऊन हात मागे बांधून म्हणाला, "हं. सांग. हसत नाही."

मग तो रोजच येऊ लागला.

---

पिंजऱ्याचं यंत्र चालवायचं म्हणजे काय, हे खाणीत प्रत्येकाला माहीत असतं. शाफ्टपासून जरा दूर एक घर असतं, त्यात माणसाच्या कितीतरी पट उंच ढोल फिरतो, त्यावर पोलादी दोर गुंडाळलेला. दोराच्या टोकाला पिंजरा, पिंजऱ्यात माणसं. यंत्रावरच्या माणसाला पिंजरा दिसत नाही. त्याला दिसतो फक्त पिंजरा किती खोल गेला ते दाखवणारा काटा, आणि ऐकू येते दारावरच्या माणसाची घंटी. सामानाची वेगळी, माणसांची वेगळी. त्या घंटीवर आणि हातातल्या ब्रेकवर सगळ्यांचा जीव.

ऑक्टोबरात यंत्रावरची एक जागा निघाली. चिलुफ्यानं अर्ज केला. याआधीही केला होता. तेव्हा कुणी बोलावलंच नव्हतं. या वेळी बोलावलं.

टेबलामागे शाफ्टचे मुख्य इंजिनियर बा सिकाझ्वे होते आणि भरती खात्याच्या मिसेस चोला. पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता. यंत्राबद्दल दोन-तीन प्रश्न झाले. तिनं उत्तरं दिली. मग बा सिकाझ्वे खुर्चीत मागे रेलले.

"लग्नाचं काय?"

"कुणाच्या?"

"तुझ्या, मुली. आज ना उद्या करशीलच. मूल होईल. मग पिंजरा कोण चालवणार?"

"बाहेर दुसरे उमेदवार बा कुन्डा बसलेत," चिलुफ्या शांतपणे म्हणाली. "त्यांची बायको पोटुशी आहे, फाटकाबाहेर रोज डबा घेऊन येते. त्यांना विचारणार आहात का हे?"

मिसेस चोलांनी खाली बघितलं. बा सिकाझ्वे हसले, पण गालातल्या गालात.

जागा कुन्डाला मिळाली. कुन्डा वाईट माणूस नव्हता; फक्त त्याच्या परवान्याची शाई अजून ओली होती. चिलुफ्या सरळ बा सिकाझ्वेंच्या दाराशी गेली आणि विचारलं, माझ्यात काय कमी पडलं.

"तुझ्यात काही नाही," ते म्हणाले, आणि बहुधा त्यांना ते खरंच वाटत होतं. "माझं काहीच म्हणणं नाही. पण खालची माणसं... ती बाईच्या हातात जीव देणार नाहीत. उद्या सगळी पाळी वर उभी राहिली तर मी काय करू?"

"तुम्ही त्यांना विचारलंत?"

"विचारायला कशाला हवं?"

पाळी सुटल्यावर ती शाफ्टमागच्या आंब्याखाली बसली. दातानं आंब्याची साल ओरबाडून काढत होती, अशी की जणू ती बा सिकाझ्वेंचीच. मावुतो येऊन शेजारी बसला. त्यानं तिच्या हातातल्या आंब्याकडे बघितलं. मग म्हणाला, "त्या आंब्यानं तुझं काय बिघडवलंय?"

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी चीड आली.

"म्हणे खालची माणसं तयार नाहीत. आणि ती खालची माणसं रोज सकाळी कुणाच्या खिडकीसमोरून जातात?"

"तुझ्या."

"मग मीच विचारते."

---

तिनं विचारलं. दिवा पुढे सरकवायचा आणि तो सोडण्याआधी विचारायचं, "मी यंत्रावर असेन तर माझ्या पिंजऱ्यात बसशील का?"

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. कुणी म्हणालं, बसेन की, मांडीवर बसू का. त्याला ती म्हणाली, "दिवा पुसून परत दे, तो तुझ्यापेक्षा जास्त उजेड पाडतो." कुणी विचारलं, तुझी आई काय म्हणते. कुणी लाजून पळालं. पण तिनं दुसऱ्या दिवशीही विचारलं, तिसऱ्या दिवशीही, आणि मग हळूहळू माणसं खरं बोलायला लागली.

"बसेन, पण आधी कुणीतरी बसलं पाहिजे."

"तू रागावलीस की ब्रेक जोरात मारशील का?"

"माझी बायको म्हणते बसू नको. बायको बाईवर विश्वास ठेवत नाही, मी काय करू?"

सगळ्यांत अवघड होते बा चिताळू. पिकलेल्या मिशा, खाणीत आयुष्य गेलेलं. ते बोलतील ते अर्धी पाळी ऐकायची, आणि त्यांना 'ताता', म्हणजे बाबा, म्हणायची.

"बाई शाफ्टजवळ आली की तांबं खोल पळतं," ते म्हणाले. "माझ्या बापानं सांगितलंय."

"मी इतकी वर्षं इथं शाफ्टच्या नाकासमोर बसलेय, ताता. पळायचं असतं तर केव्हाच पळालं असतं. मग तुम्ही रोज खाली काय शोधायला जाता?"

मागची रांग हसली. बा चिताळू हसले नाहीत. त्यांनी दिवा टोपीला अडकवला, आणि मग जरा वेळानं, थट्टा बाजूला ठेवून विचारलं, "मध्येच वीज गेली तर काय करशील?"

"ब्रेक आपोआप लागतो. तो लागलाय याची खात्री करेन. मग फोनवर दारावरच्या माणसाला सांगेन, तो तुम्हाला सांगेल. वीज आली तरी तुमची घंटी मिळाल्याशिवाय दोर हलवणार नाही."

"आणि आम्ही खाली ओरडत असलो तर?"

"तरीही नाही. तुम्ही घाबरलात म्हणून मी घाई केली, तर तुम्ही मराल."

बा चिताळूंनी टोपी घट्ट बसवली आणि ते शाफ्टकडे निघून गेले.

रांगेच्या शेवटी नेहमीसारखा मावुतो उभा होता.

"सगळ्यांना विचारलंस," तो म्हणाला. "मला नाही विचारलंस."

"तू काय, लगेच हो म्हणशील. गोड बोलणाऱ्यांचं मत मी धरत नाही."

"विचारून तर बघ."

तिनं जाळीवर हनुवटी टेकली. थट्टेतच विचारलं, पण पुरं नाव घेऊन. "बसशील का माझ्या पिंजऱ्यात, मावुतो जेरे?"

ओठांच्या कोपऱ्यातलं ते उगाचचं हसू पहिल्यांदाच तिथं नव्हतं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

तिनं उरलेले दिवे उगाच इकडचे तिकडे केले. "बरं," ती म्हणाली. "खरं बोललास ते बरं झालं."

"तसं नाही... ऐक." तो जाळीशी वाकला. "आधीच्या खाणीत मी खाली काम करायचो. एकदा यंत्रावरच्याला डुलकी लागली आणि पिंजरा तळाला जाऊन आदळला. कुणी मेलं नाही. माझं गळ्याचं हाड मोडलं. ते जुळलं... पण त्यानंतर मी पिंजऱ्यात पाय ठेवला नाही. म्हणून तर दारावरची नोकरी घेतली. दुसऱ्यांना आत बसवतो, दार लावतो, घंटी वाजवतो. स्वतः बसत नाही. तिथं यंत्रावर पुरुष होता, चिलुफ्या. बाई, पुरुष — मला सगळे सारखेच. मी कुणाच्याच पिंजऱ्यात बसत नाही."

तिनं जाळीतून बोटं बाहेर काढली. त्याच्या कॉलरच्या वर, जिथं हाड जरा उंच राहिलं होतं, तिथं हलकेच टेकवली. मग आपण काय केलं हे लक्षात येऊन झटकन आत ओढून घेतली.

"जा," ती म्हणाली. "हजेरी चुकेल."

---

परवाना असला तरी हात चालता राहावा लागतो. सुटीच्या दिवशी ती यंत्रघरात बा न्कोलेंकडे जाऊन बसू लागली. बा न्कोले निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. नियम होता की अनुभवी माणूस शेजारी असेल तर परवानावाल्यानं सामानाच्या फेऱ्या माराव्यात. त्यांनी नियम वाचला, चष्मा काढला आणि खुर्ची रिकामी केली. "लाकूड उतरव," म्हणाले. "लाकडाला बाई-पुरुष कळत नाही."

तिनं लाकूड उतरवलं. पाइप उतरवले, तेलाची पिंपं उतरवली. ब्रेक हातात हळूहळू ओळखीचा होत गेला, रोज दळणाऱ्या जात्याचा खुंटा होतो तसा.

एका सोमवारी मावुतो खिडकीपाशी येऊन म्हणाला, "काल बा न्कोलेंनी कमाल केली. पिंजरा वर आला तो बरोबर फळीला फळी. ढकलगाडीचं चाक उंबऱ्यावर अडकलंसुद्धा नाही. दिवसभर तसंच."

"हो का?"

"म्हाताऱ्याच्या हाताला काय झालंय कोण जाणे. प्रेमात पडल्यासारखा चालवत होता."

चिलुफ्यानं दिवा पुसायला घेतला. पुसलेलाच दिवा पुन्हा पुसला.

तो बघत राहिला. मग सावकाश त्याचे डोळे मोठे झाले. "तू होतीस..."

"रांग अडवू नकोस."

"चिलुफ्या. तू होतीस."

"हळू बोल. आणि ते प्रेमात पडल्यासारखं वगैरे — ते तुझं तू ठरवलंस. मी फक्त ब्रेक वेळेवर सोडला."

---

ही खिडकीतली विचारणा बा सिकाझ्वेंच्या कानावर गेलीच. त्यांनी तिला बोलावून घेतलं. मिसेस चोलाही तिथं होत्या.

"कामगारांना भडकवतेस."

"तुम्हीच म्हणालात खालची माणसं तयार नाहीत, मुकवाई," साहेबांना म्हणायचा आदराचा शब्द वापरून ती म्हणाली. "मी विचारलं. काही तयार आहेत, काही नाहीत, काहींना आधी बघायचंय. मग दाखवू या."

"यंत्रघरात बाईसाठी संडाससुद्धा नाही. पाळीभर काय करशील?"

"लांबच्या संडासात जाईन, बा न्कोले तेवढा वेळ बसतील. पण तुम्ही एक बांधा. खाणीनं जमिनीत एवढी मोठी भोकं पाडली, हे एक काय अवघड आहे?"

मिसेस चोलांना खोकल्याची उबळ आली. बा सिकाझ्वेंनी टेबलावर बोटं वाजवली.

"एक सकाळ देतो," ते शेवटी म्हणाले. "सगळ्यांना आधी कळवेन की यंत्रावर तू आहेस. ज्याला बसायचं नाही त्याला कुन्डा नंतर उतरवेल. कुणीच बसलं नाही, तर हा विषय पुन्हा माझ्यासमोर आणायचा नाही. कबूल?"

"कबूल. आणि बसले तर?"

"बसले तर बघू."

"'बघू' नको, मुकवाई. बसले तर पाळी द्या."

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

बाहेर आल्यावर मिसेस चोलांनी तिला व्हरांड्यात गाठलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघून म्हणाल्या, "मला नोकरी दिली तेव्हा मलाही विचारलं होतं. मूल होणार का म्हणून. मी नाही म्हटलं. तेव्हा पोटात माझा थोरला होता. कितीतरी महिने सैल कोट घालून फिरले, उन्हाळ्यात." त्या थांबल्या. "आणि त्या दिवशी मुलाखतीत मी समोर बसून तुला तो प्रश्न विचारू दिला."

चिलुफ्यानं त्यांचा हात हातात घेतला, दोन्ही हातांनी, थोरल्यांचा घेतात तसा.

त्या संध्याकाळी बाजारात मावुतो तिला भेटला. तिची आई तळलेल्या गोड गोळ्यांची पाटी घेऊन बसली होती. लेकीला आणि त्या उंच न्गोनी पोराला लांबून येताना बघून तिनं मुद्दाम दुसरीकडे तोंड केलं. पावसाचे दिवस होते, वाटेवर लाल चिखल झाला होता. एका छपराखाली मक्याची कणसं भाजली जात होती, तिथं दोघं थांबली.

"मी ठरवलंय," मावुतो म्हणाला. तो दाणे खात नव्हता, नुसते सोलत होता. "मी पहिला बसतो."

"नाही."

"नाही काय? मी पिंजऱ्यात बसत नाही हे अख्ख्या शाफ्टला माहीत आहे. मी बसलो तर —"

"तर म्हणतील, तिचा माणूस बसला. म्हणतील, प्रेमापायी बसला." तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. "मला कुणाच्या प्रेमापायी नोकरी नकोय, मावुतो. त्यांनी माझ्या हातावर भरवसा ठेवून बसावं, नाहीतर बसू नये."

"तिचा माणूस," तो हळूच म्हणाला. "असं म्हणतील?"

"तेवढंच ऐकलंस?"

"बाकीचंही ऐकलं. पण हे जरा जास्त ऐकू आलं."

तिचे कान गरम झाले. निखाऱ्यांजवळ उभं राहिल्यामुळे असेल. "तू एवढंच कर... दारावर उभा राहा. आणि नेहमीसारखी घंटी वाजव. कुणाला आग्रह करू नकोस, कुणाकडे बघून डोळा मारू नकोस."

"आणि कुणीच आलं नाही तर?"

तिनं त्याच्या हातातून एक दाणा घेऊन तोंडात टाकला.

"तर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा खिडकीत विचारीन."

---

ठरलेल्या सकाळी पाऊस पडत होता. यंत्रघराच्या पत्र्यावर इतका आवाज, की शेजारी बसलेल्या बा न्कोलेंचं बोलणंही नीट ऐकू येईना. पण ते फारसं बोलतच नव्हते. चिलुफ्यानं ब्रेक तपासला, काटा तपासला, फोन उचलून ठेवला. मापाचे कपडे मिळाले नव्हते म्हणून पुरुषी डगल्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. पिंजरा वर, दारापाशी. फळीला फळी. आता फक्त घंटी.

घंटी वाजेना.

ती ऐकत राहिली. पाऊस, पाऊस, नुसता पाऊस. मनोऱ्याखाली काय चाललं असेल, हे तिला इथून दिसणार नव्हतं. माणसं उभी असतील, टोपीवर रोज तिच्याच हातून जाणारे दिवे. कुणी बूट बघत असेल, कुणी दुसऱ्याकडे. बा सिकाझ्वे छत्रीखाली. आणि दारावर मावुतो, हात बांधून, कुणाकडेही न बघता. उठून जाऊन बघावं असं तिला फार वाटलं. पण यंत्रावरचा माणूस खुर्ची सोडत नाही.

"बस," बा न्कोले म्हणाले, जणू तिनं उठायचा विचार मोठ्यानं केला होता. "घंटी वाजेल, नाहीतर नाही वाजणार. तू तयार असणं तेवढं तुझ्याकडे."

ती तयार होती. तिला एकाएकी जाणवलं की ती कितीतरी वर्षं तयारच आहे. बाहेरची माणसं काहीही ठरवोत, त्यानं तिच्या हातातलं काही कमी होणार नव्हतं. तिनं श्वास सोडला, हात सैल केले.

घंटी वाजली.

सामानाची नव्हे. माणसांची.

तिनं उलट घंटी देऊन कळवलं, ब्रेक सोडला, आणि ढोल हलला — हलकेच, मग वेग घेत. काटा खाली खाली सरकू लागला. तळ जवळ आला तसा तिनं वेग कमी केला, आणखी कमी केला, शेवटी जणू झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसा पिंजरा टेकवला. खालून घंटी आली. उतरलो.

मग लगेच दुसरी फेरी. मग तिसरी. नंतर तिला कोण बसलं, किती बसले, याचा विचारच उरला नाही. घंटी, उत्तर, ब्रेक, काटा, एवढंच जग. काही जण कुन्डासाठी थांबले असतील, असोत. फेऱ्या चालूच राहिल्या.

पाळी उतरल्यावर फोन वाजला. बा सिकाझ्वे होते. आवाज कोरडाच.

"या आठवड्यापासून पहिली पाळी तुझी. रविवार धरून. आणि त्या... बांधकामाचं मी सांगितलंय."

"धन्यवाद, मुकवाई."

तिनं फोन ठेवला. तेवढ्यात घंटी पुन्हा वाजली. माणसांची.

"कोण राहिलं?" तिनं बा न्कोलेंना विचारलं. त्यांनी खांदे उडवले.

तिनं उत्तर दिलं आणि पिंजरा सोडला. पूर्ण खाली. खालून घंटी येईपर्यंत नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ गेला. मग आली — वर घे. तिनं वर घेतला, फळीला फळी. आणि बा न्कोलेंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "ऊठ आता. मी बसतो. जाऊन ये."

पाऊस रिमझिम झाला होता. ती चिखल तुडवत मनोऱ्याखाली आली. दारावर बदली घंटीवाला उभा होता, आणि पिंजऱ्यातून, एक हात जाळीला घट्ट धरून, मावुतो बाहेर येत होता. चेहऱ्यावर घाम, ओठ सुकलेले. पाय जमिनीवर टेकले तेव्हा त्यानं एकदा डोळे मिटले.

"तुला बसू नकोस म्हटलं होतं," ती म्हणाली.

"पहिला बसू नकोस म्हणालीस. मी शेवटचा बसलो. सगळं ठरून गेल्यावर." त्यानं कपाळ पुसलं. "पहिले बा चिताळू बसले. माहीत आहे?"

"बा चिताळू?"

"सगळे उभे होते. कुणी हलेना. साहेब घड्याळ बघायला लागले. मग म्हातारा पुढे आला. कुणीतरी म्हणालं, ताता, तांबं पळेल. तर म्हणाला, 'पळू दे. आजपर्यंत वर कुणाला बसवायचं हे मला कुणी विचारलं नाही. हिनं विचारलं. मी उलटे प्रश्न केले तर सगळ्यांची उत्तरं दिली. मला एवढं पुरे.' आणि आत जाऊन उभा राहिला. मग काय, एकामागून एक."

चिलुफ्यानं पावसाकडे तोंड केलं, गालावर काय आहे ते कळू नये म्हणून.

"आणि तू?" तिनं विचारलं. "तू कशाला? आता तर कुणाला दाखवायचंही नव्हतं."

"म्हणूनच." तो तिच्याजवळ आला. "तू जाळीतून विचारलं होतंस, तेव्हा मी माहीत नाही म्हणालो होतो. तेव्हापासून ते 'माहीत नाही' मला झोपू देईना. खाली जाताना मी जाळी सोडली नाही, चिलुफ्या, खोटं बोलत नाही. तळ जवळ आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले, आता आदळणार म्हणून... आणि काहीच झालं नाही. खालचा माणूस म्हणाला, उतर की, पोचलास. मला कळलंच नव्हतं." तो हसला, ते जुनं, उगाचचं हसू. "मी कुणाच्याच पिंजऱ्यात बसत नाही. तुझ्या बसेन. आणि... माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे दोन वेगळे मुद्दे आहेत, एकात एक मिसळू नकोस."

तिला रडता रडता हसू आलं. "मिसळत नाही. दोन्हीचं वेगवेगळं उत्तर देते." तिनं त्याच्या कॉलरच्या वरच्या त्या उंच हाडावर हात ठेवला, आणि या वेळी मागे घेतला नाही. "पहिल्याचं, बरोबर केलंस. दुसऱ्याचं, माझंही. पण ऐकून ठेव. मी लग्न केलं तरी यंत्र सोडणार नाही. मूल झालं तर रजा घेईन आणि परत येईन. साहेब काय म्हणतील ते म्हणू देत, तुझी आई काय म्हणेल ते म्हणू दे. तुला चालेल का?"

"माझी आई पिंजऱ्यात बसणार नाही एवढं नक्की. बाकी चालेल." तो पावसात तसाच उभा होता, भिजत, वेड्यासारखा आनंदात. "मग तुमच्या रीतीनं करतो सगळं. माझ्या काकांना मध्यस्थ करून तुझ्या आईकडे पाठवतो. मागणी घालायला. या रविवारीच पाठवतो."

"रविवारी नको," चिलुफ्या म्हणाली. "रविवारी माझी पाळी आहे."